पाद्रीबाबांच्या वह्या

इ. स. १६४८ च्या डिसेंबर महिन्याच्या दुसऱ्या तारखेस, मेक्सिको देशात पोपोकातेपेत्ल या ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या चिमाल्वाकान गावच्या चर्चमध्ये इनेस नावाच्या एका मुलीचा बाप्तिस्मा झाला. पाद्रीबाबांनी वहीत मुलीचे नाव लिहिले. मिगेल रामिरेस आणि बेआत्रिस रामिरेस अशी धर्मपित्याची व धर्ममातेची नावे लिहिली. आईबापांच्या नावांची जागा आली तेव्हा मात्र ‘चर्चची मुलगी’ एवढेच लिहून ते पुढच्या कामास लागले. विवाहाबाहेर जन्मलेल्या लेकरासाठी त्या काळी हाच शब्द होता.

ही इनेस म्हणजेच स्पॅनिश भाषेची थोर कवयित्री सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना अजून शंका आहे. तिच्या पहिल्या चरित्रकाराने, कायेखा नावाच्या जेझुइटाने, तिचा जन्म १६५१ सालचा दिला होता. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वरील नोंद उजेडात आली आणि कवयित्रीचे वय तीन वर्षांनी वाढले! रामिरेस हे तिच्या आईचे आडनाव. चरित्रकाराने ज्या गोष्टीवरून अलगद पांघरूण घातले होते, ती गोष्ट एका खेड्यातील पाद्र्याच्या वहीने तीनशे वर्षे जपून ठेवली होती.

या वह्यांचा मला नाद लागला तो येथपासून. त्यांची छायाचित्रे आता घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर पाहता येतात. मेक्सिकोतील व सीमेपलीकडे अमेरिकेत राहणारी असंख्य मेक्सिकन कुटुंबे त्यांतून आपले पणजे-खापरपणजे शोधीत असतात. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला. तेथील माणसे आपल्या घरातच होती. देश तेवढा बदलला. अशा लोकांना आपण कोण, हे सांगणारा मोठा आधार म्हणजे या वह्या.

त्या सुरू कशा झाल्या, ते पाहू. १५२१ साली स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी जिंकली आणि तलवारीमागोमाग धर्मोपदेशक आले. १५५५ साली मेक्सिकोत भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांची वही ठेवण्याविषयी पाद्र्यांना आज्ञा केली. पुढे १५६३ साली युरोपात त्रेंतच्या महापरिषदेने विवाहाची नोंद सर्व कॅथलिक जगास बंधनकारक केली. आत्म्यांचा हिशेब ठेवावा, एकाच पुरुषाने दोन गावी दोन लग्ने करू नयेत, असे हेतू त्यामागे होते. लोकांचे वंशवृक्ष टिकवावेत असे त्या धर्माधिकाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्याकडील कुळवृत्तांत बहुधा मूळ पुरुषापासून सुरू होऊन खाली येतो. मेक्सिकन शोधकाची वाट उलटी. तो स्वतःपासून निघतो आणि एकेक पायरी मागे जातो. प्रथम सरकारी जन्ममृत्यूची दप्तरे. १८५९ च्या मागे गेले की पाद्रीबाबांच्या वह्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईबाप, गाव किंवा वस्ती, औरस की अनौरस, आणि धर्मपिता-धर्ममाता एवढे असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कित्येक ठिकाणी आजी-आजोबांचीही नावे येऊ लागतात. एका नोंदीत तीन पिढ्या सापडल्यावर शोधकाला काय आनंद होत असेल, तो गावोगाव वंशावळ धुंडाळणाऱ्यालाच कळेल.

विवाहाची कागदपत्रे तर याहून रसाळ. वधूवरांचे जन्मगाव, वय, साक्षीदार, पहिला जोडीदार मेला असल्यास त्याचे नाव, सारे त्यांत येते. लग्नापूर्वी चर्चमध्ये तीन वेळा जाहीर पुकारा होई. वधूवर एकमेकांचे नातलग निघाले, तर चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यास धर्माधिकाऱ्यांची खास परवानगी लागे. आपल्याकडील सपिंड-सगोत्राच्या विचाराची येथे आठवण होते. अशा अर्जासोबत कधी कधी नात्याचा आराखडाच काढून जोडलेला असतो. ज्या विवाहाला अडचण आली, त्याच विवाहाने वंशजांना आयता वंशवृक्ष दिला!

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतील लेकीसुनांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. मेक्सिकोत स्त्री लग्नानंतरही माहेरचेच नाव चालविते, आणि नोंदीत तसेच येते. त्यामुळे आईची आई, तिची आई अशी मायलेकींची साखळीही मागे नेता येते. आपल्या किती वंशावळींत सुनेचे माहेर सापडते? पुत्रांच्या रांगा लागतात, आणि त्यांना जन्म देणाऱ्या बायांच्या जागी पुष्कळदा नुसती रिकामी जागा असते.

मूळच्या लोकांच्या, म्हणजे ज्यांना स्पॅनिश लोक ‘इंदियो’ म्हणत त्यांच्या, नोंदी मात्र शोधकाची परीक्षा पाहतात. त्यांतील पुष्कळांना आडनावच नसे. बापाचे नाव ह्वान दिएगो, तर मुलाचे पेद्रो पास्क्वाल. दोन्ही संतांचीच नावे. एकाच खेड्यात एका वेळी चार-चार ‘मारिया दे ला क्रूस’ नांदत असत. मग वस्ती, धर्ममाता आणि नवऱ्याचे नाव जुळवून आपली मारिया कोणती ते ठरवावे लागते. शिवाय पाद्रीबाबांचे अक्षर म्हणजे मोडीची बहीणच! नावे मोडून, वर चिमुकली अक्षरे टांगून लिहिलेली; क्रिस्तोबालसारख्या नावातही ख्रिस्ताची जुनी ग्रीक अक्षरखूण. जोडीला कागद खाणारी शाई आणि कागद खाणारी कसर.

परंतु या वह्यांतील खरा पेच अक्षराचा नव्हे, शिक्क्याचा आहे. नावापुढे माणसाची जात लिहिलेली असे. ‘एस्पान्योल’ म्हणजे स्पॅनिश, ‘मेस्तिसो’ म्हणजे स्पॅनिश व इंदियो यांची संतती, ‘मुलातो’ म्हणजे ज्याच्यात आफ्रिकन रक्त आहे तो; शिवाय ‘कास्तिसो’, ‘कोयोते’, ‘लोबो’. शेवटच्या दोहोंचे अर्थ कोल्ह्यालांडग्यांच्या जातीतले! कित्येक गावी स्पॅनिशांची वही निराळी, इंदियोंची निराळी, मिश्र जातींची निराळी. हा शिक्का नुसता शोभेचा नव्हता. इंदियो व स्वतंत्र मुलातो यांच्यावर खंडणीचा कर होता, मेस्तिसोवर नव्हता. आणि पाद्री किंवा अधिकारी व्हावयाचे तर रक्त ‘शुद्ध’ असल्याचा पुरावा लागे. मग माणसे एकेक पायरी वर सरकण्याची धडपड करीत यात नवल ते काय? बाप्तिस्म्याला मेस्तिसो असलेला माणूस लग्नाच्या नोंदीत एस्पान्योल झालेला आढळतो. कधी पाद्र्याने नुसते तोंडाकडे पाहून लिहिले, तर कधी जोडीदाराच्या जातीकडे पाहून.

याचे सर्वांत बोलके उदाहरण होसे मारिया मोरेलोस यांचे. ४ ऑक्टोबर १७६५ रोजी वायादोलिद शहरी त्यांचा बाप्तिस्मा झाला. नोंदीत आईबाप ‘एस्पान्योल’ म्हणून लिहिले आहेत. पण घराण्यात आफ्रिकन रक्त होते असे इतिहासकार सांगतात. या कागदामुळेच त्यांना पाद्री होण्याची वाट मोकळी झाली. पुढे ते काराक्वारो या उष्ण, दरिद्री प्रदेशातील चर्चचे पाद्री झाले. म्हणजे ज्या वहीने त्यांना स्पॅनिश ठरविले, तसलीच वही आता त्यांच्या हाती आली. इतरांच्या नावापुढे जात लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. १८१० साली त्यांनी वही बाजूला ठेवून स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. १८१३ साली चिल्पान्सिंगोच्या सभेपुढे त्यांनी जी तत्त्वे मांडली, त्यांत गुलामगिरी व जातिभेद कायमचे नष्ट व्हावेत आणि माणसामाणसांत फरक करावयाचा तर तो केवळ सद्गुण व दुर्गुण यांचा करावा, अशी मागणी होती. त्या शिक्क्याची किंमत स्वतः ठाऊक असलेला पाद्रीच हे इतक्या तळमळीने लिहू शकला, असे मला वाटते. १८१५ च्या डिसेंबरात स्पॅनिशांनी त्यांना गोळ्या घातल्या. १८२१ साली देश स्वतंत्र झाला आणि १८२२ च्या सप्टेंबरात कायदाच झाला की, नागरिकांच्या नोंदींत जात लिहू नये. वायादोलिद शहराला १८२८ पासून मोरेलोसांच्या नावावरून मोरेलिया म्हणतात.

या शिक्क्यांतील एक तर आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. मनिलाहून अकापुल्कोला दरसाल गलबते जात. त्यांतून नेलेल्या आशियाई गुलामांना मेक्सिकोत सरसकट ‘चिनो’ म्हणत. मग तो माणूस फिलिपिन्सचा असो, बंगालचा, मलबारचा की गोव्याचा. पोर्तुगीज व्यापारी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून माणसे धरून मनिलाच्या बाजारात विकीत. त्यांतलीच एक कातारिना दे सान ह्वान. मोगल मुलखातून पळविलेल्या या मुलीचा बाप्तिस्मा कोचीनला झाला. मनिलामार्गे १६२१ च्या सुमारास ती मेक्सिकोत आली आणि पुएब्ला शहरात एका सधन घरी दासी म्हणून राहिली. १६८८ साली ती वारली तेव्हा लोक तिला साध्वी मानीत होते. भक्त चरित्रकाराने तिला राजकन्या ठरविले. कागदाच्या लेखी ती ‘चीना’. तिचे खरे गाव कोणते, हे ना चरित्र नीट सांगते ना कागद. आशियाई लोकांची ही गुलामगिरी १६७२ साली बंद झाली. पण ‘चिनो’ हा शब्द उरला, आणि पुढे इंदियो व आफ्रिकन यांच्या संततीलाही लावण्यात येऊ लागला. तेव्हा वहीत ‘चिनो’ दिसला की तो कोणत्या समुद्राकडून आला, हे आधी विचारावे लागते.

आता शेवटची नोंद. २२ मार्च १८०६. वाहाका प्रांतातील इश्त्लान गावच्या चर्चमध्ये आदल्या दिवशी जन्मलेल्या बेनितो पाब्लो या बालकाचा बाप्तिस्मा झाला. बाप मार्सेलिनो ह्वारेस, आई ब्रिखिदा गार्सिया. ग्वेलाताओ गावचे इंदियो. पुढे दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या आणि धर्ममाता यांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. मूल तीन वर्षांचे असतानाच आईबाप दोघेही वारले. आईबापांची ओळख व्हावी एवढेही वय नसलेला हा सापोतेक पोर पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष बेनितो ह्वारेस झाला. चर्चची सत्ता मोडण्यासाठी त्याने मोठी झुंज घेतली. १८५९ च्या जुलै महिन्यात कायदा करून जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी पाद्र्यांच्या हातून काढून सरकारकडे घेतल्या त्या त्याच्याच सरकारने. त्याचे करणे योग्यच होते. नागरिकाचे अस्तित्व कोणत्याही धर्माच्या दारी गहाण नसावे. परंतु त्याला जन्म देणाऱ्या ब्रिखिदाचे नाव, आणि तिच्या आईचेही नाव, आज आपल्याला कळते ते त्या जुन्या वहीतून.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील युटाच्या वंशावळ-संस्थेने या लक्षावधी पानांची सूक्ष्मचित्रे घेतली. मृत पूर्वजांनाही आपल्या पंथाचा बाप्तिस्मा देता येतो, अशी मॉर्मन लोकांची श्रद्धा. तिच्यापायी हे प्रचंड काम झाले. वह्या लिहिल्या एका श्रद्धेने, चित्रे घेतली दुसऱ्या श्रद्धेने, आणि उपयोग होतो आहे तो आजी-आजोबांची नावे शोधणाऱ्या साध्या माणसांना.

या शोधाला निघणारा बहुधा एखादा स्पॅनिश सरदार सापडेल या आशेने निघतो. हाती लागते ती एखादी ‘चर्चची मुलगी’, एखादा पुसून पुन्हा लिहिलेला मुलातो, साथीच्या साली एकाच आठवड्यात पुरलेली तीन भावंडे. तरीही या वह्या मला मोठ्या वाटतात. कुळवृत्तांत ज्यांचे कुळ मोठे त्यांचे लिहिले जातात. येथे गुलामाच्या पोरालाही एक ओळ मिळाली. त्या ओळीतील जात सत्तेने लिहिली आहे, ती तपासूनच घ्यावी. पण त्या दिवशी कोणीतरी एक तान्हे मूल हातांवर घेऊन चर्चच्या दारी आले आणि त्याचे नाव सांगितले, हे तर खरे आहे ना? दिवाळीला घरात चार पिढ्या एकत्र जमतात. थोरल्या आजीला तिच्या आईचे, आजीचे नाव विचारून लिहून ठेवावे. आपल्याकडे ती ओळ लिहून ठेवणारे पाद्रीबाबा नव्हते. ती आपणच लिहावयाची आहे.