इंदापूर सोलापुरात कसं गेलं?

मागच्या शनिवारी जुन्या हार्डडिस्कवरचा पसारा आवरत होतो. त्यात माझी एक पायथनची स्क्रिप्ट सापडली. जेमतेम चाळीस ओळी. एका शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला लिहिलेली. काम साधं होतं. पिनकोडचे पहिले तीन आकडे घ्यायचे, त्यावरून जिल्हा काढायचा आणि अर्जात लिहिलेल्या जिल्ह्याशी तो जुळला नाही तर अर्ज बाजूला टाकायचा. ४११ म्हणजे पुणे, ४१३ म्हणजे सोलापूर. झालं काम, चहा प्यायला मोकळा!

इंदापूरचा पिन ४१३१०६. बारामतीचा ४१३१०२. आणि दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातली. म्हणजे तिथल्या ज्या पोरापोरींनी जिल्ह्याच्या रकान्यात खरं उत्तर लिहिलं, नेमके त्यांचेच अर्ज माझ्या स्क्रिप्टनं बाद केले. बरं, मी स्वतः बारामतीचा! शाळेत असल्यापासून हाच पिन पत्रांवर लिहीत आलोय. तरीही कोड लिहिताना डोक्यात आलं नाही.

हीच चूक नेटवर्कवर काम करणारे आम्ही लोक रोज करतो, फक्त तिथं तिला वेगळं नाव आहे. पायथनमध्ये गेटहोस्टबायनेम म्हणून एक फंक्शन आहे. त्याला मशीनचं नाव द्या, ते आयपी पत्ता देतं. त्याचा जुळा भाऊ गेटहोस्टबायअ‍ॅड्र, त्याला पत्ता द्या, ते नाव देतं. (दोन्ही मूळची युनिक्सच्या सी लायब्ररीतली, पायथननं नुसती उचलली.) नवशिक्याला वाटतं की एक फंक्शन दुसऱ्याचं उलट आहे. नावावरून पत्ता काढला आणि त्या पत्त्यावरून पुन्हा नाव काढलं, तर पहिलंच नाव यायला हवं ना? तर नाही. पुष्कळदा भलतंच नाव येतं, नाहीतर सरळ एरर येते.

याचं कारण समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं. सत्तरच्या दशकात अर्पानेटवर मशीनच इतकी थोडी होती की सगळ्यांची नावं आणि पत्ते एका फायलीत मावायचे. होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती सांभाळायच्या कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेतल्या एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची मंडळी. नवं मशीन जोडलं की त्यांना कळवायचं. त्या फायलीत एक ओळ वाढवणार आणि बाकी सगळ्यांनी ती फाईल पुन्हा उतरवून घ्यायची. आपल्याकडचा जुना पोस्टमन आठवा. नाव सांगितलं की थेट दारात नेऊन सोडणारा! ती व्यवस्था तशीच होती, आणि तिची अडचणही तीच. गाव वाढलं की पोस्टमन पुरत नाही. आणि एका नावाची दोन माणसं निघाली तर मग बघायलाच नको.

इंदापूरचंच घ्या. एक आपलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. दुसरं रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे. एकाच फायलीत दोन्ही कशी घालणार? यावर आपल्या लोकांनी फार पूर्वीच उपाय काढला होता: मु. पो. भिगवण, ता. इंदापूर, जि. पुणे. लहानाकडून मोठ्याकडे, आणि मध्ये टिंबंसुद्धा! नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन टिपणांत डोमेन नेम सिस्टिम मांडली, तिची बांधणी हुबेहूब अशीच आहे. प्रत्येक पातळीनं फक्त आपल्याखालची नावं सांभाळायची. जिल्ह्याला वाडीवस्तीची नावं पाठ असायची गरज नाही, तालुका कुठाय तेवढं माहीत असलं की पुरे. भारताचं डॉट इन १९८९ साली सुरू झालं आणि बरीच वर्षं ते मुंबईच्या एनसीएसटीतून चालायचं. २००५ पासून ते निक्सीकडे आहे.

आता उलटा प्रवास. पत्त्यावरून नाव काढायला त्याच व्यवस्थेत एक वेगळं झाड लावलंय, इन-अ‍ॅडर डॉट आर्पा. १९२.०.२.७ या पत्त्याचं नाव हवं असेल तर आकडे उलटे करून ७.२.०.१९२ असं त्या झाडात शोधायचं. कारण नावात मोठा भाग शेवटी असतो आणि आकड्यात तो सुरुवातीला असतो. खरी मेख पुढे आहे. नावाचं झाड नावाच्या मालकाच्या हातात असतं. आकड्यांचं झाड ज्याच्याकडे तो पत्त्यांचा गठ्ठा आहे त्याच्या हातात, म्हणजे बहुतेक वेळा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या. दोघांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं अशी सक्ती कुणी केलेली नाही. म्हणून तर मेल सर्व्हर दोन्हीकडून पडताळून बघतात आणि जुळलं नाही की तुमच्या मेलकडे संशयानं पाहतात. तुम्ही काही केलेलं नसलं तरी!

पिनकोड हे असंच आकड्यांचं झाड आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. (हे कळल्यावर मला त्या सहा आकड्यांत छंद शोधावासा वाटला होता. असो.) पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा. पहिले तीन मिळून ‘सॉर्टिंग जिल्हा’ होतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. त्या ‘जिल्हा’ शब्दानंच माझा घात केला. हा जिल्हा पत्रं निवडण्यापुरता. कलेक्टर कचेरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ४१३ मध्ये सोलापूर आणि पंढरपूर आहेत, तसंच पुणे जिल्ह्यातलं दौंड आहे, नगरकडचं श्रीरामपूर आहे, लातूर आहे आणि धाराशिवही आहे. पत्रानं कुठल्या वाटेनं जायचं ते हा आकडा सांगतो. तुम्ही कुठले, हे तो सांगत नाही. माझ्या स्क्रिप्टनं मात्र त्याला तेच विचारलं, आणि वर त्याच्या उत्तराशी जुळलं नाही म्हणून पोरांना खोटं ठरवलं.

चूक उघडी पडली ती बारामतीच्याच एका मुलीच्या वडिलांच्या फोनमुळे. "साहेब, आमी पुणे जिल्ह्यातलेच हाय की वो, सातबारा दाखवू का?" त्यांना काय सांगणार? मग दोन दिवस बसून बाद झालेले सगळे अर्ज हातानं पाहिले. स्क्रिप्टमधला तो तक्ता काढून टाकला. जिल्हा आणि तालुका अर्जदार सांगेल तोच धरायचा, पिन फक्त पाकिटावर छापायचा.

सापडलेली फाईल मात्र त्या दुरुस्तीच्या आधीची निघाली. तक्ता अजून तसाच आहे तिच्यात, ओळ अकरा: ४१३, सोलापूर. डिलीट करणार होतो, पण ठेवली.