धावताना कुशीत येणारी कळ

धावताना, पोहताना किंवा घोड्यावरून दौडताना बरगड्यांच्या खालच्या कडेशी, बहुधा एकाच कुशीत उठणारी आणि थांबल्यावर थोड्या वेळात विरून जाणारी वेदना. धावणाऱ्यांच्या बोलण्यात ‘साइड स्टिच’ हाच शब्द रुळला आहे. घरात ‘कुशीत कळ आली’ किंवा ‘बरगडीखाली चमक निघाली’ असे म्हणतात. उसण भरणे मात्र निराळे. उसण वाकताना, ओझे उचलताना पाठ-कमरेच्या स्नायूंत भरते आणि दोन-चार दिवस मुक्काम ठोकते. ही कळ पळणे थांबवले की उतरते. फार जोराची असली तर तेवढी जागा एखाद-दोन दिवस हुळहुळते, इतकेच.

स्वरूप : महाराष्ट्रात ही कळ पाहायची असेल, तर पोलीस भरतीच्या सरावाचे मैदान गाठावे. पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मार्गावर चार फेऱ्या माराव्या लागतात. महिलांना ८०० मीटर. तिसऱ्या फेरीत एखादा मुलगा उजव्या हाताची बोटे बरगडीखाली खुपसून, खांदा त्याच बाजूला कलवून, श्वास अर्ध्यावर तोडत पळताना दिसतो. पायांत जोर असतो, छातीत दम असतो, पण पूर्ण श्वास घेतला की आत टोचते. गुडघ्यांवर हात टेकून वाकला की बरे वाटते. ताठ होऊन पळू लागला की कळ पुन्हा हजर. मैदानात उतरण्यापूर्वी काय घेतले म्हणून विचारावे, तर दोन-तीन केळी आणि वर अर्धी बाटली ग्लुकोजचे पाणी असे काहीसे उत्तर मिळते.

कळ सौम्य असेल तर ओढ लागल्यासारखी किंवा पेटका आल्यासारखी वाटते, तीव्र असेल तर सुरी खुपसल्यासारखी. काहींना त्याच वेळी खांद्याच्या टोकाशीही दुखते. पोटातल्या दुखण्याचा खांद्याशी काय संबंध, असे वाटेल. पण कारणांचा शोध घेताना हाच धागा महत्त्वाचा ठरतो.

प्रमाण : या क्षुल्लक वाटणाऱ्या दुखण्याकडे नेटाने लक्ष दिले ते ऑस्ट्रेलियातील डॅरेन मॉर्टन व रॉबिन कॅलिस्टर यांनी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, वर्षभरात ही कळ अनुभवल्याचे पोहणाऱ्यांपैकी ७५ टक्के, धावणाऱ्यांपैकी ६९ टक्के आणि घोडेस्वारांपैकी ६२ टक्के लोकांनी सांगितले. सायकलस्वारांत हे प्रमाण ३२ टक्केच होते. सिडनीतील १४ किलोमीटरच्या ‘सिटी टू सर्फ’ शर्यतीतल्या सहभागींची त्यांनी केलेली पाहणी २००५ मध्ये छापून आली. तीत धावणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना आणि चालणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना कळ आली होती. उजव्या कुशीत दुखलेले लोक डाव्या कुशीत दुखलेल्यांच्या दुप्पट होते. वय वाढते तसे प्रमाण उतरते. स्त्री-पुरुष किंवा जाड-बारीक असा भेद मात्र आढळला नाही. सरावाने कळेची वारंवारता कमी होते, पण कसलेला धावपटूही तिच्यातून पुरता सुटत नाही.

कारणे : नेमके कारण अजून निर्विवादपणे ठरलेले नाही. सर्वांत जुना आणि आजही व्यायामशाळेत ऐकू येणारा खुलासा श्वासपटलाचा. छाती आणि पोट यांच्या मधला हा घुमटाकार स्नायू जोरात काम करताना त्याला रक्त अपुरे पडते, म्हणून तो दुखतो, असा हा तर्क. ऐकायला तो बिनतोड वाटतो, पण घोडेस्वाराने त्याची पंचाईत केली. रपेट करणाऱ्याला धावणाऱ्याइतकी धाप लागत नाही, तरी त्याला कळ येते. शिवाय कळ चालू असताना श्वासाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा श्वासपटल थकल्याचे दिसले नाही.

दुसरा तर्क हिसक्यांचा. यकृत, जठर, प्लीहा ही इंद्रिये बंधांच्या आधाराने श्वासपटलाखाली टांगलेली असतात. प्रत्येक पावलागणिक ती खाली ओढली जातात, आणि जठर भरलेले असेल तर ओढ वाढते. घोडेस्वाराचे दुखणे यात बसते, आणि सर्वांत जड यकृत उजवीकडे असल्याने उजव्या कुशीचाही उलगडा होतो. येथे आडवा येतो तो पोहणारा. पाण्यात आडव्या तरंगणाऱ्या शरीराला कसले हिसके? आणि कळ तर त्यालाच सर्वांत जास्त.

या दोघांची समजूत पटवू शकेल असा खुलासा पर्युदराचा आहे. पर्युदर म्हणजे उदरपोकळीचे दुपदरी अस्तर. त्याचा एक पदर इंद्रियांना लपेटलेला असतो, दुसरा पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला, आणि मध्ये वंगणासारखा द्रवाचा पातळ थर. बाहेरचा पदर फार हळवा असतो. भरलेले जठर त्याच्यावर घासले किंवा मधल्या द्रवात फरक पडला, की तो चुरचुरतो आणि नेमके बोट ठेवता येईल अशी टोचणी लागते. धड पुन्हा पुन्हा पिळावे लागणाऱ्या पोहण्यात ही कळ इतकी का, हेही मग समजते. खांद्याचे कोडेही येथे सुटते. श्वासपटलाखालच्या अस्तराच्या मधल्या भागाची संवेदना मानेतून निघालेल्या तंत्रिकेने वाहून नेली जाते; खांद्याच्या टोकाची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचते, आणि मेंदूची पत्त्यात गल्लत होते. हा खुलासा शंभर टक्के सिद्ध झाला आहे असे नाही, पण हाती असलेल्या तथ्यांशी त्याचेच सर्वांत जास्त जुळते. पाठीला पोक असणाऱ्यांना कळ अधिक येते, असेही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

प्रतिबंध : ‘जेवल्याजेवल्या पळू नकोस, पोटात दुखेल’ हे आईचे बोलणे सिडनीच्या पाहणीने खरे ठरवले. शर्यतीच्या आधीच्या एक-दोन तासांत जे भरपूर जेवले होते त्यांना कळ जास्त आली. ताटात काय होते याने फरक पडला नाही, किती होते याने पडला. तेव्हा पोटभर खाणे आणि धावणे यांत निदान दोन तास जाऊ द्यावेत. ज्यांना नेहमी त्रास होतो त्यांनी तीन-चार.

पिण्याच्या बाबतीत मात्र काय प्यायलो हेही पाहावे लागते. १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असलेला फळांचा रस पिऊन धावणाऱ्यांना कळ जास्त आली, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. कमी गोडीच्या क्रीडापेयाने तसे झाले नाही. आपल्याकडचा उसाचा रस गोडीत फळांच्या रसाला हार जाणारा नाही, आणि ग्लुकोजची पूड चमच्यामागून चमचा ढवळली तर ते पाणीही त्याच पंगतीत बसते. धावण्याआधी आणि धावताना साधे पाणी, तेही घटाघट न पिता घोट-दोन घोट घ्यावे. वेग सावकाश वाढवणे, पाठ ताठ ठेवणे आणि पोटाचे खोल स्नायू बळकट करणारे व्यायाम करणे यांचाही उपयोग होतो. डावा पाय टेकताना श्वास सोडावा म्हणजे यकृताची ओढ टळते, हा उपाय धावणाऱ्यांत फार प्रिय आहे. त्याला भक्कम पुरावा नाही. करून पाहण्यात नुकसानही नाही.

कळ आल्यावर : वेग कमी करावा, दुखणारी जागा बोटांनी दाबून धरावी आणि पुढे झुकून पोट आवळावे. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोट आवळून पुढे वाकणे, कमरेला रुंद पट्टा घट्ट बांधणे आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडणे या तिन्हींनी आराम पडला होता. कंबर कसणे हा वाक्प्रचार येथे शब्दशः लागू पडतो. एवढ्याने भागले नाही तर थांबावे. थांबण्याइतका हुकमी उपाय दुसरा नाही.

वेगळी दुखणी : थांबूनही न उतरणारी, विश्रांतीत येणारी किंवा ताप आणि उलट्यांसोबतची पोटदुखी ही कळ नव्हे. उजवीकडे खाली, बेंबी आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये दुखत राहिले तर आंत्रपुच्छाचा विचार करावा लागतो. श्रम करताना छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब येऊन तो हात, जबडा वा खांद्याकडे पसरत असेल, दरदरून घाम सुटत असेल, तर चाळिशी ओलांडलेल्याने ‘साइड स्टिच’ म्हणून पळत राहू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते, आणि त्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.