मागेल त्याला काम

गरिबांना समाजाने कसा हात दिला हे सांगताना आपल्याकडे अन्नछत्रे, वर्गण्या आणि दानशूर माणसे आधी आठवतात. त्यांनी असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. तरीही महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता माझे मत असे आहे की, मदत ही देणाऱ्याची मर्जी न राहता मागणाऱ्याचा हक्क झाली, तेव्हाच गरिबाच्या हाती काही बळ आले. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे काढली. पण इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. उपाशी मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला कामेच सोडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांची पुण्याची सार्वजनिक सभा त्यांची बाजू मांडत राहिली. पुढे दुष्काळ संहिता आली आणि दुष्काळात काम पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. मात्र दुष्काळ पडला की नाही हे ठरवायचे अधिकाऱ्याने, आणि पाऊस झाला की कामे बंद. पाऊस बरा झालेल्या वर्षीही भूमिहीनाची चूल पेटत नसे. त्या उपासमारीला संहितेत जागाच नव्हती.

ही जागा वि. स. पागे यांनी शोधली. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी माणसाने १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग सुरू केला. अंगमेहनतीला तयार असणाऱ्या कोणालाही गावाच्या आसपासच काम द्यायचे, आणि त्या कामातून जमीन व पाणी सुधारायचे, असा तो विचार होता. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरच्या अभ्यासात ग्रामीण गरिबांसाठी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याचाच आग्रह धरला. पुढच्याच वर्षी राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली आणि त्याच वेळी बहात्तरचा दुष्काळ उभा राहिला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी आणि आठवड्याचा पगार यांवर गावेच्या गावे तगली. रेशनचे धान्य अपुरे होते. पण मजुराच्या हातात पैसा होता, म्हणून व्यापाऱ्यांचे धान्यही दुष्काळी भागात येत राहिले. इतके मोठे संकट येऊनही १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही, याचे मोठे श्रेय या मजुरीला जाते.

दुष्काळ सरल्यावर काय करायचे, हा खरा कसोटीचा प्रश्न होता, आणि इथे शहरी समाजाचा भाग येतो. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून जमणारा हा पैसा रोजगार हमीसाठी होता. त्याला विक्रीकर व मोटार करावरचे अधिभार आणि बागायती जमिनीवरची विशेष आकारणी यांची जोड मिळाली. जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. नोंदणी केलेल्या मजुराने मागणी केल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता. मजुरी कामाच्या मापावर असल्याने बाईला आणि पुरुषाला दर एकच. शेतावर बाईची मजुरी कमी असणे सर्वांनी गृहीत धरले होते, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

यावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आणि त्यांतले काही खरे आहेत. मस्टरवर खोटी नावे चढली. पाझर तलावाचे पाणी आणि नवे रस्ते यांचा लाभ जमीन असलेल्यांना अधिक झाला. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढल्यावर कामे काढण्यात हात आखडला गेला, म्हणजे हमी कागदावर राहिली आणि काम मिळेनासे झाले. बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाला मिळाला. पण यावरून हक्काची कल्पना चुकली असे ठरत नाही. जिथे मजुरांची संघटना होती, जिथे बायका तहसील कचेरीवर मोर्चे नेत होत्या, तिथे कामे निघत आणि थकलेली मजुरी मिळे. कायदा नसता तर त्या मोर्च्याच्या हातात विनवणीशिवाय काही नसते. फुकटची सवय लागते, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. ज्याला दुसरीकडे बरे काम मिळते तो मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला येत नाही. ज्याची खरी गरज आहे तोच येतो, त्यामुळे गरीब कोण हे ठरवायला दाखला लागत नाही. जमीनदाराला अधिक लाभ झाला, हा दोष मात्र गंभीर आहे. १९९० पासून याच योजनेतून लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळबागा लावल्या जाऊ लागल्या. दुरुस्तीची वाट त्या दिशेने होती, आणि ती आधीच घ्यायला हवी होती.

२००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कराचे २०० रुपये दरमहा कापले जातात, फेब्रुवारीत ३००. हा कर कशासाठी सुरू झाला ते आपल्या कचेरीत, सोसायटीत, मुलांना सांगा. त्यातून आपल्या जिल्ह्यात यंदा किती कामे निघाली, मजुरी वेळेवर मिळाली का, हे आपल्या आमदाराला विचारा. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मजुराइतकाच करदात्यालाही आहे.