मोटारीतला स्पीकर चार ओहमचाच का?

घरच्या स्पीकरवर बहुधा ८ किंवा ६ ओहम असे छापलेले असते, मोटारीतल्या स्पीकरवर ४. हा फरक गाडीच्या बॅटरीतून आला. ओहमचा हा आकडा म्हणजे स्पीकरचा संरोध, बाजारातल्या बोलीत इम्पीडन्स. तो एका जागी ठरत नाही. स्वर बदलला की तोही बदलतो. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर काही स्वरांना ३.२ ओहमपर्यंत उतरतो आणि अनुनादाच्या जागी कित्येक पटींनी चढतो.

शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला. तेव्हा गाडीची बॅटरी ६ व्होल्टची असे, पण रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभर-दोनशे व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या गाडीत ठेवाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर नावाचा, सतत गुणगुणणारा भाग हे काम करू लागला. व्हॉल्व्ह विजेचा दाब भरपूर देतो, प्रवाह मात्र जेमतेम. त्याला काही हजार ओहमचा भार मानवतो. स्पीकरची कॉइल तर तीन-चार ओहमची. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालूनच दोघांचे जमे. ५,००० ओहमची गाठ ३.२ ओहमशी घालायची तर वेढ्यांचे प्रमाण सुमारे ४० ला १ ठेवावे लागते. या जुळवणीसाठीचा ‘मॅचिंग’ हा शब्द तेव्हा अगदी अक्षरशः खरा होता.

१९५५ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत फिल्कोचा संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला. गाड्याही त्याच सुमारास १२ व्होल्टवर जात होत्या. ट्रान्झिस्टरचा स्वभाव उलटा: दाब थोडा, प्रवाह मोठा. हळूहळू ट्रान्सफॉर्मर गेला आणि स्पीकर थेट जोडता येऊ लागला. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत मात्र १० ओहमचे स्पीकर बरीच वर्षे टिकले. त्यांच्या जागी ४ ओहमचे बसवले की रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळण्याची भीती असे.

चार ओहमचे गणित सोपे आहे. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे साध्या अॅम्प्लिफायरला दोन्ही बाजूंना ७.२. त्यातून ८ ओहमच्या स्पीकरला सव्वातीन वॅट जातात, ४ ओहमच्या स्पीकरला साडेसहा. व्होल्ट वाढवता येत नसतील तर ओहम कमी करणे हा एक मार्ग उरतो. दुसरी युक्ती ब्रिजची: दोन अॅम्प्लिफायर उलटसुलट जोडले की दाब दुप्पट आणि शक्ती चौपट होते, कागदावर २६ वॅट, प्रत्यक्षात अठरा-वीस. खोक्यावर छापलेले ‘५० वॅट’ म्हणजे आवाज पार फाटून लहर चौकोनी झाली की जे निघते ते. ऐकण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

भारतात ही युक्ती घरोघरी पोचवली ती ४४४० या जपानी आयसीने. दोन चॅनेलना प्रत्येकी ६ वॅट, ब्रिज केल्यास १९, तेही ४ ओहमवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळे. ब्रिजमध्ये प्रत्येक अर्ध्याला स्पीकरचा निम्माच संरोध दिसतो, हे न ओळखता एका वायरीवर दोन ओव्हल स्पीकर समांतर जोडले की आयसी भाजून निघत असे.

पुढे अॅम्प्लिफायरच्या आतच बॅटरीचा दाब वाढवणारे मंडल आले आणि व्होल्टची अडचण संपली. तरी ओहम उतरतच राहिले. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कार ऑडिओ स्पर्धांत गट ४ ओहमवरच्या वॅटवरून ठरत. मग ४ ओहमवर २५ वॅट सांगणारा, पण १ ओहमवर शंभर देणारा अॅम्प्लिफायर निघाला. त्याला ‘चीटर’ म्हणत, आणि नाव चुकीचे नव्हते.

आवाजाला मात्र ओहम उतरवण्याची किंमत पडते. आजचा अॅम्प्लिफायर स्पीकरशी बरोबरी साधत नाही. त्याचा स्वतःचा संरोध स्पीकरच्या मानाने नगण्य असावा लागतो, तरच वूफरचा पडदा वेळेवर थांबतो. स्पीकर ४ वरून १ ओहमवर आणला की ही पकड चौपटीने ढिली होते. वायरीचा ०.१ ओहमही मग जाणवतो: ४ ओहमवर तो अडीच टक्के शक्ती खातो, १ ओहमवर नऊ टक्के.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींतही दिवे आणि संगीतासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते, म्हणून चार ओहमचे हे गणित तिथेही लागू पडते.