हुद्दा गेला, आडनाव राहिलं

आर्डुइनो बोर्डाला वीज मिळाली की आपल्या प्रोग्रॅमच्या आधी बोर्डाची स्वतःची तयारी चालते. त्या तयारीच्या कोडमध्ये एक ओळ आहे: एसबीआय(एडीसीएसआरए, एडीईएन). एसबीआय म्हटलं की आपल्याला बँक आठवणार. इथे मात्र ती ‘सेट बिट इन आय/ओ’ची अक्षरं आहेत. एडीसीएसआरए या रजिस्टरमधला एडीईएन हा बिट १ करा, म्हणजे अ‍ॅनालॉग व्होल्टेजचे आकडे करणारा विभाग जागा होईल, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

एसबीआय हा सी भाषेतला शब्द नाही, मॅक्रो आहे. कंपायलरच्या आधी प्रीप्रोसेसर कोडवरून हात फिरवतो आणि हे नाव दिसेल तिथे ठरलेला मजकूर चिकटवतो: रजिस्टर |= (१ << (बिट)). एम्बेडेड काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हेडर फाइलमध्ये बिट लावणारे, पुसणारे आणि तपासणारे असे एकोळी मॅक्रो असतात. हात दुखू नये म्हणून केलेली सोय, असंच ते वाटतात. त्यांची नावं खोदली, तर खाली जुनी यंत्रं सापडतात.

सुरुवात पीडीपी-११ पासून करू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा हा मिनिकॉम्प्युटर १९७० साली आला, आणि सी भाषा याच यंत्रावर वाढली. त्याच्या सूचनांमध्ये तीन भावंडं होती: बीआयएस म्हणजे बिट सेट, बीआयसी म्हणजे बिट क्लिअर आणि बीआयटी म्हणजे बिट टेस्ट. गंमत म्हणजे या यंत्रात सरळ ‘अँड’ करणारी सूचनाच नव्हती. बीआयसी ‘दिलेल्या मास्कमध्ये जे बिट १ आहेत ते पुसून टाक’ असं काम करायची. आज आपण बिट पुसायला &= ~ ही जोडी लिहितो, तेव्हा नेमकं बीआयसीचंच काम सांगत असतो.

पीडीपी-११ ची दुसरी खासियत अशी, की उपकरणांशी बोलायला वेगळ्या सूचना नव्हत्या. उपकरणांची रजिस्टरं मेमरीच्याच पत्त्यांवर बसवलेली होती. कन्सोलच्या कीबोर्डाचं रजिस्टर ऑक्टल १७७५६० या पत्त्यावर. त्या पत्त्यावरचा एक बिट बदलला, की खरोखरचं यंत्र जागं व्हायचं.

मॅक्रो या कल्पनेचं घराणं याहून जुनं. बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय आणि डग्लस ईस्टवूड यांनी १९५९ मध्ये आयबीएम ७०४ च्या असेंब्लरला अटींवर चालणारे आणि स्वतःलाच बोलावणारे मॅक्रो दिले. एक मोठी सूचना लिहायची, असेंब्लरने तिच्या जागी अनेक छोट्या मांडायच्या. लगेच १९६० साली मॅकिलरॉय यांनी हीच सोय वरच्या पातळीच्या भाषांनाही देता येईल, असं लेख लिहून मांडलं. सी मध्ये ती आली १९७२-७३ च्या सुमारास, अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहावरून. आधी नुसतं फाइल जोडणं आणि नावाच्या जागी मजकूर ठेवणं एवढंच होतं. प्रीप्रोसेसर ऐच्छिक होता; फाइलच्या अगदी सुरुवातीला # दिसला तरच तो कामाला लागायचा. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सची सोर्स फाइल उघडली तर पहिल्या ओळीत एकटा # उभा दिसतो, तो त्यासाठी.

त्याच युनिक्समध्ये कन्सोलचा ड्रायव्हर आहे. त्यात वापरलेलं आयईनेबल हे नाव म्हणजे ऑक्टल १००, म्हणजे सहावा बिट, इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारी हाक) चालू करणारा. तो रजिस्टरमध्ये =| या चिन्हाने मिसळला जातो; आजचं |= तेव्हा उलटं लिहीत. आपल्या मॅक्रोचा आजोबा हाच. मात्र हा मॅक्रो कुठलाही बिट घेऊ शकत नव्हता, त्याचा बिट ठरलेला होता. पुढे माइक लेस्क आणि मग जॉन रायझर यांनी मॅक्रोंना आर्ग्युमेंट घ्यायला शिकवलं, तेव्हा (१ << (बिट)) लिहिणं शक्य झालं.

त्यातले कंस शोभेचे नाहीत. प्रीप्रोसेसरला गणित कळत नाही, फक्त मजकूर कळतो. बाहेरचा कंस विसरलात आणि पाचवा बिट पुसायला ~ लावलात, तर ते ~१ << ५ होतं. आधी १ उलटतो, मग सगळं पाच घरं सरकतं आणि ० ते ५ असे सहाही बिट शून्य होतात. एक दिवा विझवायला गेलात आणि सहा विझले. आतला कंस विसरलात आणि बिटच्या जागी न & ७ दिलंत, तर << आधी आणि & नंतर लागतो; उत्तर भलतंच येतं, आणि कंपायलर बहुधा निमूट राहतो.

१९८० साली इंटेलच्या ८०५१ ने वेगळी वाट धरली. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळांत ज्यांनी या चिपवर एलईडी लुकलुकवलाय, त्यांना ‘एसबिट’ आठवत असेल. ८०५१ मध्ये १२८ बिटांना स्वतंत्र पत्ते आहेत, शिवाय काही रजिस्टरांतल्या बिटांनाही. म्हणून काइल कंपनीच्या कंपायलरने ‘एसबिट’ हा नवा शब्द भाषेतच घातला, मॅक्रोची गरजच ठेवली नाही. याची किंमत अशी, की तो कोड दुसऱ्या कंपायलरकडे सहजी जात नाही.

आता एसबीआयचं मूळ गाव. नॉर्वेत ट्रोन्डहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांनी एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरचा आराखडा केला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅटमेलने तो बाजारात आणला. त्यात एसबीआय आणि सीबीआय या सूचना आहेत: एक बिट लाव, एक बिट पूस. त्यांचा हात मात्र फक्त पहिल्या ३२ आय/ओ पत्त्यांपर्यंत, ० ते ३१, पोहोचतो. सी मध्ये लिहिणाऱ्यांसाठी याच नावांचे मॅक्रो आले. कंपायलर हुशार झाल्यावर साधं |= लिहिलं तरी तो स्वतःच एसबीआय काढू लागला, आणि एव्हीआरच्या सी लायब्ररीने ते मॅक्रो ‘कालबाह्य’ म्हणून बाजूला ठेवले. लोकांनी मात्र ते सोडले नाहीत. २००५ साली इटलीत इव्रेया इथे सुरू झालेल्या आर्डुइनोनेही एसबीआय आपल्या हेडरमध्ये पुन्हा लिहून घेतला.

सुरुवातीच्या आर्डुइनोंवर एटीमेगा ८ ही एव्हीआर चिप होती. तीत एडीसीएसआरएचा आय/ओ पत्ता ६. एसबीआयच्या हाताशीच. म्हणजे आपल्या ओळीतून खरोखर एसबीआय ही एकच सूचना निघू शकत होती: दोन बाइट, दोन क्लॉक सायकल, आणि मध्ये इंटरप्टला शिरायला फट नाही. पुढे बोर्डावर एटीमेगा १६८ आणि नंतर ३२८ आली. त्यांत रजिस्टरांची गर्दी वाढली आणि एडीसीएसआरए मेमरीच्या १२२ व्या पत्त्यावर राहायला गेलं. एसबीआयचा हात तिथे पोहोचत नाही. सी मधली ओळ एका अक्षराने बदलली नाही, कंपायलरने तक्रार केली नाही, पण आता तीतून तीन सूचना निघतात: वाच, बिट मिसळ, परत लिही. दहा बाइट, पाच सायकल.

खरी अडचण वेळेची नाही, फटीची आहे. पासबुकातली शिल्लक पाहिली, कागदावर बेरीज केली आणि नवा आकडा लिहायला हात उचलला. तेवढ्यात कोणी तिथे दुसरी नोंद केली. आपण आपला आकडा लिहिला आणि त्याची नोंद पुसली गेली. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये इंटरप्ट आला आणि त्याने त्याच रजिस्टरचा दुसरा बिट बदलला, तर हेच होतं. रोज होत नाही. कधीतरी होतं, आणि म्हणूनच सापडत नाही. इलाज म्हणून तेवढ्या वेळापुरते इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. एव्हीआर लायब्ररीत त्यासाठीही एक मॅक्रो आहे, अ‍ॅटॉमिक ब्लॉक.

१९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं गेली. आडनाव राहिलं. आज कुलकर्णी बँकेत असतात, पुण्याच्या आयटी कंपनीत असतात, गावाचा हिशेब कोणी त्यांच्याकडे मागत नाही. आपल्या हेडरमधला एसबीआय तसाच आहे. १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी लावताना तो अजून वतनदार असतो, कारण त्या पोर्टाचा पत्ता ५ आहे. एडीसीएसआरएच्या दारात तो नुसता आडनावाचा. त्याला हाक जरूर मारावी, पण दप्तर खरंच त्याच्या हाती आहे का, हे डिसअसेंब्ली काढून त्या एका ओळीखाली किती सूचना आहेत ते मोजून पाहावं.