तुपाची शाई, खापर व रबर

नंदुरबार जिल्ह्यांत अक्कलकुवा तालुक्यांत, अंकलेश्वराहून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खापर नांवाचें गांव आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ति ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु खानदेशांत ज्या मातीच्या भांड्यावर मांडे भाजतात त्यासही खापरच म्हणतात, आणि आमच्या विषयाचें सूत्र त्या शब्दांत आहे. ओली माती हवी तशी वळते. भाजून तिचें खापर झालें म्हणजे तें फुटेल, पण पुन्हां मळतां येणार नाहीं. हा पालट कसा होतो याविषयीं वैशेषिक व नैयायिक यांचा जुना वाद आहे. वैशेषिक म्हणतात, अग्निसंयोगानें घट परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणु पक्व होतात आणि त्यांचा घट पुन्हां जुळतो; हा पीलुपाकवाद. घट घटच राहून सबंध भाजतो असें नैयायिकांचें म्हणणें, हा पिठरपाकवाद. छापाची शाई व रबर या दोन वस्तूंत याच जातीचा, मागें न फिरणारा पाक होतो. तो नीट समजून घेतला असतां आमच्या मुद्रणेतिहासांतील एका प्रसिद्ध आख्यायिकेचा निवाडा करतां येतो, म्हणून हा प्रपंच.

आख्यायिका तुपाच्या शाईची आहे. गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत शिळाछापाची विद्या पाहिली, मुंबईस स्वतःचा छापखाना काढला व १८३१ सालीं पंचांग छापलें. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांची हकीकत दिली आहे. शाईदेखील त्यांनीं घरींच खटपट करून सिद्ध केली. छापाच्या शाईंत चरबी असते या समजुतीनें धर्मनिष्ठ मंडळी छापील कागदास शिवत नसत, म्हणून धर्मग्रंथ तुपाच्या शाईनें छापले, असें परंपरेनें सांगतात. आतां प्रश्न असा कीं, केवळ तुपानें छापलेलें अक्षर टिकेल काय?

आधीं पोथीची शाई पाहूं. काजळ, डिंक व पाणी ही तिची सामग्री. पाणी उडालें कीं काजळ डिंकाच्या योगें कागदास चिकटून राहतें. परंतु डिंक पाण्यांत पुन्हां विरघळतो. ओल लागलेल्या पोथीचीं अक्षरें पसरतात व पानें एकमेकांस चिकटतात, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. येथें पाक झालेलाच नाहीं, माती नुसती वाळली आहे.

शिळाछापाच्या शाईंत काजळाबरोबर कढवून दाट केलेलें जवसाचें तेल असतें. तेल वाळतें म्हणजे उडून जातें असें पुष्कळांस वाटतें, पण वाळतांना त्याचें वजन घटत नाहीं, वाढतें. हवेंतील प्राणवायु तेलाच्या अणूंतील दुहेरी बंधांलगत येऊन जडतो व तेथें पेरॉक्साइड उत्पन्न होतें. पेरॉक्साइड म्हणजे ज्यांत प्राणवायूचे दोन परमाणु एकमेकांस जोडलेले आहेत असा पदार्थ. हा जोड फार अशक्त असतो. तो तुटला म्हणजे उरलेले अर्ध स्वस्थ बसत नाहींत. शेजारच्या अणूंस ओढतात, आणि अशा ओढाओढींत अणूंमध्यें आडवे बंध पडून सर्व तेलाचें एक जाळें होतें. तें मग पाण्यांतही विरघळत नाहीं व तेलांतही नाहीं. लवकर वाळावें म्हणून तेलांत मुर्दाडशिंग घालीत, त्याचें कारण हेंच कीं, असल्या धातूंच्या सान्निध्यांत पेरॉक्साइड लवकर फुटतें.

तुपाची गोष्ट निराळी. त्यांतील बहुतेक स्निग्धांशांत दुहेरी बंध नाहींच, असला तर एकच. जाळें विणण्यास तेवढ्यानें भागत नाहीं. तूप खवट होतें, वाळत नाहीं. केवळ तुपांत खललेलें काजळ कागदांत मुरेल, अक्षराभोंवतीं तेलकट डाग पडेल, आणि बोट फिरविलें तर काळें लागेल. यावरून आमचा निर्णय असा कीं, ज्या जुन्या शिळाछापी ग्रंथाचें अक्षर आज कोरडें व घट्ट आहे, त्याच्या शाईंत बांधणारा पदार्थ तूप नव्हे.

म्हणून आख्यायिका सर्वस्वीं टाकाऊ ठरते असें मात्र नाहीं. शिळाछापांत शाया दोन. एक छापण्याची, दुसरी, जिनें मूळ अक्षर लिहून शिळेवर उठवावयाचें ती. या दुसरींत चरबी, साबण, मेण असे पदार्थ खरोखरच असत, कारण शिळेनें स्निग्धांश धरणें हेंच तिचें काम. तेव्हां लोकांचा संशय अगदींच निर्मूळ नव्हता, आणि चरबीच्या जागीं तूप येणें शक्य दिसतें तें या शाईंत. ती शाई वाचकाच्या कागदावर येत नाहीं. आख्यायिका सांगणारांनीं दोन्ही शाया एक केल्या, एवढाच घोटाळा.

जवसाच्या तेलांत जें आपोआप घडतें तें रबरांत मनुष्यानें हेतुपूर्वक घडविलें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांस गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ होतें असें आढळलें. इंग्लंडांत थॉमस हॅनकॉक यांनीं १८४३ सालीं आपल्या कृतीचा हक्क मागितला. येथें रबराच्या लांब सांखळ्यांमध्यें गंधकाचे पूल पडतात. गंधकावांचूनही हें साधतें, असें रशियन रसायनज्ञ ओस्ट्रोमिस्लेन्स्की यांनीं १९१५ सालीं बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरून दाखविलें. १९५० नंतर डायक्युमिल पेरॉक्साइड प्रचारांत आलें. तें सुमारें १६० ते १७० अंश उष्णमानावर दुभंगतें, त्याचे अर्ध सांखळींतील हायड्रोजन हिरावून घेतात, आणि उघड्या पडलेल्या दोन सांखळ्या कार्बनास कार्बन लावून जोडल्या जातात. हा जोड गंधकाच्या पुलाहून उष्णतेस अधिक टिकतो. पॉलिएथिलीनच्या सांखळींत दुहेरी बंध नसल्यामुळें तेथें गंधकाचें कांहीं चालत नाहीं, पेरॉक्साइडाचें चालतें. असें बांधलेलें वेष्टण विजेच्या तारेवर ९० अंशांपर्यंत सतत काम देतें. सांच्यांतील वस्तु सांच्यांतच, सुटी न होतां पक्व होते. म्हणजे नैयायिकांची सरशी. पेरॉक्साइडापुरतें वैशेषिकांचें खरें, कारण तें स्वतः मोडल्यावांचून पाक होत नाहीं. एक चमत्कार असा कीं, जी हवा जवसाचें तेल वाळविते तीच या कामांत आड येते. उघड्यावर भाजलेल्या रबराचा पृष्ठभाग चिकट राहतो.

संग्राहकांस यांतून दोन गोष्टी सुचवितों. दप्तरास किंवा छायाचित्रांस रबरी कडें घालूं नये. त्यांतील गंधकानें छायाचित्रांतील रुपें काळवंडतें, आणि जुनें झालेलें रबर कागदास चिकटून बसतें. गंधकरहित रबरही हवेनें जीर्ण होतेंच. सुती फीत व रुमाल पुरे. दुसरी गोष्ट, शिळाछापी पोथी हस्ताक्षरासारखी दिसते, म्हणून हस्तलिखितांच्या यादींत सहज शिरते. शंका आल्यास पान भिजवून परीक्षा पाहूं नये. पोथी खरोखर हस्तलिखित निघाली तर अक्षर जाईल. पान उजेडाशीं धरून पाठीमागून पाहावें. जवसाच्या तेलाची पिवळसर तपकिरी कड अक्षराभोंवतीं पुष्कळदां दिसते. डिंकाच्या शाईस ती नसते.