भोक पडलेले पिस्टन : एमजीए ट्विन कॅमच्या एका दोषाचा शोध

इंग्लंडमधील ॲबिंगडन येथील एमजी कारखान्याने १९५८ मध्ये बाजारात आणलेली एमजीए ट्विन कॅम ही दोन आसनी स्पोर्ट्स कार जेमतेम दोन वर्षे तयार होत राहिली आणि २,१११ गाड्या झाल्यावर १९६० मध्ये तिचे उत्पादन थांबवण्यात आले. मात्र ज्या दोषामुळे तिच्यावर ही पाळी आली, त्याचे खरे मूळ उत्पादन बंद झाल्यानंतर हाती लागले. हौशी शर्यतींसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांची दुरुस्ती कशी विकसित होत गेली, हे पाहू इच्छिणाऱ्याने या प्रकरणाकडे दुर्लक्ष करू नये.

ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या विक्रीकेंद्रात सेसिल किंबर यांच्या पुढाकाराने एमजीची सुरुवात झाली आणि आठवडाभर कामावर नेता येईल व सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरवता येईल अशी परवडणारी गाडी, ही तिची ओळख ठरली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबने आणि अमेरिकेत १९४४ पासून स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने अशा हौशी चालकांना मैदान मिळवून दिले. १९५५ ची मूळ एमजीए याच परंपरेतली होती, पण तिचे इंजिन पुशरॉड पद्धतीचे होते. म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असे आणि त्याचा धक्का लांब दांड्यांमार्फत वर पोहोचे. या दांड्यांच्या वजनामुळे इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा येते. ट्विन कॅममध्ये लोखंडी ब्लॉक जुन्याच घराण्यातला ठेवून त्यावर जेराल्ड पामर यांच्या आराखड्यानुसार ॲल्युमिनियमचे हेड बसवण्यात आले आणि त्यात दोन कॅमशाफ्ट थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर आणले गेले. १,५८८ सीसीच्या या इंजिनाची शक्ती मिनिटाला ६,७०० फेऱ्यांना १०८ अश्वशक्ती होती, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते त्याचे प्रमाण, ९.९ इतका होता.

गाड्या ग्राहकांच्या हाती गेल्यावर थोड्याच काळात पिस्टन जळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. इंजिन तेलही फार पीत असे, पण खरी दहशत होती ती पिस्टनच्या माथ्याला आरपार पडणाऱ्या भोकांची. यामागे डेटोनेशन ही क्रिया होती : ठिणगी पडल्यावर ज्वाला क्रमाने पसरण्याऐवजी उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेते, दाबाचा तडाखा पिस्टनवर बसतो, त्याच्या माथ्यावरचा उष्णतारोधक थर निघून जातो आणि ॲल्युमिनियम वितळू लागते. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात तो याचाच आवाज. पण भरवेगात, उघड्या गाडीत, वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या गोंगाटात तो चालकाच्या कानावर येईलच असे नाही.

साहजिकच संशय प्रथम पेट्रोलवर गेला, कारण इतक्या कॉम्प्रेशनला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागते आणि साधे पेट्रोल भरणारे मालक कमी नव्हते. पाठोपाठ इग्निशन टायमिंग आले. ठिणगी काही अंश आधी पडली तरी हे इंजिन ते सोसत नसे, आणि पुशरॉड इंजिनांवर हात बसलेल्या गॅरेजांना इतक्या काटेकोरपणाची सवय नव्हती. चुकीच्या ग्रेडचे प्लगही दोषी ठरले. यांतले कोणतेही कारण खोटे नव्हते, आणि म्हणूनच तपास तिथे थांबला असावा. अखेर कारखान्याने कॉम्प्रेशन रेशो ८.३ वर आणला, शक्ती १०० अश्वशक्तीच्या आसपास उतरली आणि तक्रारी कमी झाल्या. उपाय लागू पडला हे खरे, पण तो लक्षणावरचा उपाय होता. त्याने इंजिनाची सहनशक्ती वाढली, तरी त्याच्यावर संकट कोठून येते हे कळले नाही.

ते संकट कार्बोरेटरच्या बाजूने येत होते. या गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर होते आणि प्रत्येकाला पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, जोडलेली होती. वाटीतला तरंगता फ्लोट सुई-झडप उघडझाप करून पेट्रोलची पातळी राखतो आणि त्याच पातळीवर जेटमधून किती इंधन निघेल हे ठरते. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना निर्माण होणारे कंपन एका वाटीच्या कंपनाशी जुळे, आतले पेट्रोल फेसाळे, पातळीचे गणित बिघडे आणि त्या कार्बोरेटरचे मिश्रण लीन होई, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडे. भर लोडखाली असे मिश्रण सिलिंडर तापवते आणि डेटोनेशनला वाट करून देते. गाडी उभी असताना तपासली तर टायमिंग, जेट, पातळी सारे बरोबर भरे, कारण दोष फक्त विशिष्ट फेऱ्यांपुरताच जिवंत असे. इलाज मात्र साधा निघाला : कार्बोरेटर इंजिनाला घट्ट न आवळता लवचीक बैठकीवर बसवायचे, म्हणजे कंपन वाटीपर्यंत पोहोचत नाही.

असा लपलेला दोष पकडण्याचे एक साधन हौशी शर्यतपटूंजवळ पूर्वीपासून होते, आणि ते म्हणजे प्लग वाचणे. पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या गाडीचे इग्निशन एकाएकी बंद करून त्याच क्षणी क्लच दाबायचा, गाडी तशीच घरंगळत थांबू द्यायची आणि चारही प्लग काढून क्रमाने मांडायचे, अशी ही रीत. प्लगच्या चिनी मातीवर फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढराफटक रंग वा ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले तर पिस्टन धोक्यात, असे समजले जाते. दोन कार्बोरेटरांच्या चार सिलिंडरी इंजिनात यापुढचा निष्कर्षही काढता येतो : टायमिंग किंवा पेट्रोल चुकले असेल तर खुणा चारही प्लगांवर उमटतात, पहिला-दुसरा किंवा तिसरा-चौथा अशी एकच जोडी पांढरी पडली, तर बोट सरळ त्या जोडीच्या कार्बोरेटरकडे जाते.

काळजीपूर्वक जुळवलेले हेच इंजिन शर्यतीत टिकते, याचा पुरावा त्याच काळात मिळाला होता. १९५९ च्या सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतीत ट्विन कॅम गाड्या आपल्या वर्गात दुसऱ्या व तिसऱ्या आल्या, आणि १९६० मध्ये टेड लंड व कॉलिन एस्कॉट यांनी ट्विन कॅमवर आधारलेली गाडी चोवीस तास चालवून ल मान्स येथे दोन लिटरचा वर्ग जिंकला. तोवर बाजारातले नाव मात्र गेले होते. उरलेले डिस्क ब्रेक आणि मध्यभागी एकाच नटाने बसणारी चाके पुशरॉड इंजिनाच्या काही गाड्यांना लावून संपवण्यात आली.

आज या गाड्या चालवणारे बहुधा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन आणि लवचीक बैठक दोन्ही वापरतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले असून, त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या मापाच्या जेट-सुईवर मिश्रण पुन्हा किंचित लीन होते. त्यामुळे सुई बदलून अधिक पेट्रोल सोडणारी बसवणे आणि त्यानंतर पुन्हा प्लग वाचणे, हे काम या इंजिनाच्या मालकांना नव्याने करावे लागत आहे.